पाय जागा ठेव

४ जानेवारी

दादा,

फोन न करता पत्र लिहितेय. फोनवर तू बोलतोस आणि मी "हं" म्हणते, आणि ठेवल्यावर आठवतं की जे सांगायला फोन केला होता ते माझ्याच तोंडात राहिलं. कागदावर तरी तुला मध्ये बोलता येणार नाही.

भिंगरीच्या शाळेतून तिसरी चिठ्ठी आली. तुझी भाची नऊ वर्षांची झाली आणि वर्गात ती दहा मिनिटं बाकावर टिकत नाही. परवा गणिताच्या पेपरात पुढच्या बाजूची सगळी गणितं बरोबर आणि मागची बाजू कोरी. पान उलटायचंच राहिलं. मी विचारलं, "अगं, मागे काही असेल असं वाटलं नाही?" तर म्हणाली, "वाटलं होतं. पण खिडकीतून एक माणूस शिडी घेऊन चालला होता. शिडी एवढी लांब होती की ती संपेपर्यंत पेपर संपला." दादा, मला आधी हसू आलं आणि मग रडू. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, चिठ्ठीत एवढंच लिहिलंय: "निष्काळजीपणा. वारंवार."

डॉक्टरांना वाटतं की हे एडीएचडी असू शकतं. लक्ष हवं तिथे टिकत नाही आणि अंग स्वस्थ बसत नाही, असं काहीसं. त्यांनी एका केंद्राचं नाव दिलंय. तिथे कॉम्प्युटरवर चाचणी घेतात. मुलाला पडद्यासमोर बसवतात, हातात बटण देतात. दर दोन सेकंदांनी पडद्यावर गोल उमटतो. वर उमटला तर दाबायचं, खाली उमटला तर दाबायचं नाही. असं वीस मिनिटं. कपाळाला पट्टी बांधतात, तिच्यावर चकाकणारा ठिपका असतो आणि कॅमेरा बघत राहतो की डोकं किती हललं. चाचणी घेणाऱ्या बाई म्हणाल्या, ती मुद्दामच कंटाळवाणी केलेली असते.

शाळेचं म्हणणं असं की फेब्रुवारीअखेर अहवाल आणा. मुलीला खरंच अडचण असेल तर पेपराला जास्त वेळ देऊ, मध्ये उठायची मुभा देऊ. नसेल, तर हा वागणुकीचा प्रश्न, आणि पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघा. एवढं सगळं त्या वीस मिनिटांवर लटकलंय.

हे बोटीवर आहेत, जूनमध्ये येतील. चष्म्याच्या दुकानात सध्या काचा घासायला मी एकटीच आहे. सुट्टीच्या आठवड्यात भिंगरीला तुझ्याकडे पाठवू का? चाचणी तेवीस तारखेला आहे. त्याआधी पोरीने जरा मोकळा श्वास घ्यावा.

मुंगी


९ जानेवारी

मुंगे,

पाठव. आजच पाठव. पण आधी माझं ऐक, आणि हो, आता तुलाही मध्ये बोलता येणार नाही.

माझ्या भाचीचं मन एक यंत्र मोजणार? कशाने, बटणाने? शिडी घेऊन जाणारा माणूस बघत बसलेली पोर निष्काळजी, आणि ज्यांनी खिडकीकडे तोंड करून बाक मांडले ते काळजीवाहू! कंटाळवाणं काम मुद्दाम द्यायचं आणि कंटाळलं की आजारी ठरवायचं. अगं, हा खेळ मी आयुष्यभर बघितलाय. कारखान्यात पत्रा कापणाऱ्या प्रेसवर दर चार सेकंदांनी एक डब्याचं झाकण, पाळीला सहा हजार झाकणं. माणूस कंटाळला तर दोष माणसाचा, कारण झाकण कधी कंटाळत नाही!

यंत्र काय साक्ष देतं ते मला विचार. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं त्या प्रेसने नेली. उत्पादन वाढावं म्हणून साहेबांनी तीन आठवडे आधी तिच्या तोंडावरची, हात आत जाऊ न देणारी जाळी काढून ठेवली होती, आणि चौकशीच्या कागदावर शब्द कुठला आला? तुझ्या मोठ्या बाईंचाच. निष्काळजीपणा. तो शब्द वरून खाली येतो, मुंगे. खालून वर गेलेला मी अजून पाहिला नाही. त्या वेळी आम्ही एकोणीस दिवस फाटकाबाहेर बसलो आणि प्रत्येक प्रेसवर जाळी बसवून घेतली. आता युनियनच्या खोलीत नवी पोरं येतात तेव्हा मी हात वर करून सांगतो, ही जाळी आठ बोटांवाल्या माणसाने बसवली आहे.

तेव्हा घाबरू नकोस. यंत्राला कसं हाताळायचं ते आपल्या घराण्याला ठाऊक आहे.

दादा

ता. क. मी वहिनी. ह्यांनी हे पत्र दोनदा लिहिलं, कारण पहिलं पाकिटात घालून पाकीट हरवलं. ते बर्फाच्या कप्प्यात सापडलं, चष्म्यासोबत. भिंगरीला जाडं पांघरूण दे, इथे थंडी आहे. तिला सांग की मामाच्या गोष्टी अर्ध्यावर थांबल्या तर उरलेली अर्धी माझ्याकडे मिळते.


२४ जानेवारी

दादा,

चाचणी काल झाली. भिंगरी तुझ्याकडून आल्यापासून खूश आहे, पण तिच्यात काहीतरी बदललंय. जेवताना डावा पाय जमिनीवर ठक ठक करत असतो आणि ती तोंडातल्या तोंडात आठपर्यंत मोजते. मी म्हटलं, "हे काय गं?" तर म्हणे, "पाय जागा ठेवतेय. आई, हे गुपित आहे. मामाने सांगितलंय की गुपित फोडलं की त्याची धार जाते." आणि ताकास तूर लागू देत नाही.

केंद्रातली खोली लहान आहे. एक टेबल, एक खुर्ची, भिंतींना नुसता पांढरा रंग, खिडकीला पडदा. चाचणीवाल्या बाई तरुण आहेत, हळू बोलतात. आधी त्यांनी माझ्याशी तासभर बोलून घेतलं. ती कधी चालायला लागली, झोपते कशी, दप्तरात काय विसरते, घरात आणखी कुणी असं आहे का. मी म्हटलं, "नाही हो, आमच्याकडे सगळे सरळ." मग मला वाटून गेलं की बर्फाच्या कप्प्यातल्या चष्म्याचं सांगायला हवं होतं का. पण तुझ्याबद्दल असं काही बोलायला जीभ रेटेना.

त्या म्हणाल्या, चाचणी म्हणजे निकाल नव्हे. शाळेचं म्हणणं, घरचं म्हणणं, लहानपण आणि हे, असं सगळं मिळून त्या मत देतात. ते मला पटलं. दुकानात यंत्र डोळ्याचा नंबर सांगतं, पण नुसत्या त्या नंबरावर मी कधी काच कापत नाही. माणसाला बसवते, दोन काचा धरते आणि विचारते, "ह्यात बरं दिसतं की ह्यात?"

वीस मिनिटं दाराबाहेर बसले होते. आतून तोच आवाज. ठक, ठक, ठक. एकदाही चुकला नाही. काय शिकवलंस तिला?

मुंगी


२९ जानेवारी

मुंगे,

शिकवलं, आणि छाती पुढे काढून सांगतो.

प्रेसवर नवा माणूस आला की जुना त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो. एकसुरी कामात डोळे उघडे राहून झोपतात. तेव्हा डोळ्यांवर विसंबू नकोस, पाय जागा ठेव. डाव्या पायाचा चवडा ठेक्यात आपटायचा, जीभ दातांना लावून आठ मोजायचे, आठव्याला श्वास सोडायचा आणि पुन्हा एक. ठेका अंगात भिनला की झाकण चुकत नाही. पाळी बदलताना आम्ही एकमेकांना बरं आहे का असं विचारत नाही. "पाय जागा आहे ना?" असं विचारतो.

भिंगरीला तो सहा दिवसांत आला. मला तीन महिने लागले होते! स्वयंपाकघरात तिला बसवलं, वहिनीच्या दोन ताटल्या घेतल्या, दर दोन सेकंदांनी एक वर धरायची किंवा खाली. वर धरली की तिने टेबलावर थाप मारायची. पहिल्या दिवशी शंभरातल्या चाळीस चुकल्या. सहाव्या दिवशी दोन. आणि त्या दोन माझ्या होत्या, मीच भलतीकडे बघत होतो.

आता बघच, अहवाल कसा येतो! यंत्राला म्हणावं, आमच्या पोरीकडे बोट दाखव बघू. त्यांच्याच अंगणात त्यांना हरवून आली माझी वाघीण.

दादा


१२ फेब्रुवारी

दादा,

तुझी वाघीण जिंकली. अभिनंदन.

अहवाल थेट शाळेत गेला आणि शाळेने मला त्याची प्रत दिली. एक पान. त्यावर लिहिलंय: "लक्ष: वयानुसार अपेक्षित मर्यादेत. चुका: अत्यल्प." मोठ्या बाईंनी तो कागद माझ्यासमोर टेबलावर असा ठेवला, जसा कुणी हुकमाचा एक्का ठेवतो. म्हणाल्या, "आम्हालाही वाटत होतं मुलीला काही अडचण असावी. पण आता मशीनच सांगतंय की ती लक्ष देऊ शकते. म्हणजे देत नाही. ह्याला आमच्याकडे उर्मटपणा म्हणतात." मी म्हटलं, "ती नऊ वर्षांची आहे." त्या म्हणाल्या, "वळण ह्याच वयात लागतं."

सत्तावीस तारखेला समितीची बैठक आहे. जास्त वेळ मिळणार नाही, उठायची मुभा मिळणार नाही, आणि तिच्या कायमच्या नोंदीत चिठ्ठीतलाच तो शब्द, निष्काळजीपणा, लिहून तिला पुढच्या वर्षी शाळेबाहेर काढणार.

आमच्या दुकानात एकदा एक पोरगं आलं होतं. चष्मा नको म्हणून अक्षरांचा तक्ता पाठ करून आलं. वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचलं. मालक म्हणाले, नजर उत्तम. पोरगं हसत उठलं आणि काचेच्या दारावर जाऊन आपटलं. चार टाके पडले. तू माझ्या मुलीला तक्ता पाठ करून पाठवलंस, दादा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि तिची हौस किती! काल गृहपाठाला बसली, पाय आपटत, आठ मोजत. अर्ध्या तासात घामाने भिजली आणि वहीवर डोकं ठेवून म्हणाली, "आई, मामाचा पाय दिवसभर जागा कसा राहतो गं? माझा दमतो." तुला ह्याचं उत्तर येतं का?

चाचणीवाल्या बाईंनी फोन करून विचारलं होतं, "कुणी सराव करून घेतला का?" तेव्हा तुझं पत्र माझ्या पदरात होतं. मी म्हटलं, नाही. तुझ्यासाठी खोटं बोलले. आयुष्यभर तू फाटकावर उभा राहून खरं बोलतोस म्हणून लोक तुला मानतात, आणि माझ्याकडून तू हे करवलंस. आता तूच ते निस्तर. भाषण नको, खरं सांग.

मुंगी


१७ फेब्रुवारी

मुंगी,

वहिनी लिहितेय. हे लिहीत नाहीत. तुझं पत्र आल्यापासून पाच कागद फाडले. मी विचारलं, "काय लिहिताय?" तर म्हणाले, "सुरुवात." बत्तीस वर्षांत ह्या माणसाला सुरुवात सापडली नाही असं मी पाहिलं नव्हतं. ह्यांना कधी सापडला नाही तो शेवट.

काल कारखान्यात गेले. आता काम गोदामात आहे, प्रेसच्या बाजूला जायचं कारण नाही. तरी जुन्या प्रेससमोर जाऊन उभे राहिले म्हणे. फोरमनने विचारलं, "काका, काय हवंय?" तर म्हणाले, "ह्या छपरातली काच अजून तीच आहे का रे?" घरी येऊन तसेच बसून राहिले.

एक तुला सांगते. भिंगरी आठवडाभर इथे होती तेव्हा मला रोज वाटायचं की मी ह्यांनाच लहानपणी बघतेय. तीच दारं उघडी, तेच अर्धे पेले जागोजागी. तू त्या बाईंना सांगितलंस ना, की आमच्याकडे सगळे सरळ? अगं, खाण तशी माती.

आज सकाळी पिशवी भरून निघाले आहेत. कुठे ते सांगितलं नाही. पिशवी विसरले.

वहिनी


१९ फेब्रुवारी

मुंगे,

तुझ्या घरापासून वीस मिनिटांवर, स्टेशनच्या बाकावर बसलोय. तुझ्याकडे आलो नाही. तोंड दाखवायची हिंमत नव्हती, आणि भिंगरीने विचारलं असतं, "मामा, तुझा पाय जागा आहे ना?" तर काय सांगणार होतो?

केंद्रात गेलो. चाचणीवाल्या बाईंना म्हटलं, "त्या मुलीचा मामा मी. तिच्या आईने सांगितलं ते खोटं आहे, ती माझ्यासाठी खोटं बोलली. पोरीला मी पढवून पाठवलं." मला वाटलं आता बाई मला बाहेर काढतील. त्यांनी फाइल उघडली, म्हणाल्या, "मला शंका होतीच. बसा, दाखवते."

मुंगे, अहवाल एक पान नाही. कागदाच्या मागेही छापलेलं आहे. पुढच्या बाजूला बटणाचा हिशोब. मागच्या बाजूला कॅमेऱ्याने काढलेली रेघ, वीस मिनिटांत पोरीचं डोकं कुठून कुठे गेलं त्याची. तिच्या वयाच्या मुलीची साधारण रेघ त्यांनी शेजारी दाखवली, बोराएवढं गाठोडं होतं. भिंगरीची रेघ म्हणजे मांजराने उधळलेला लोकरीचा गुंडा. पानभर. बाई म्हणाल्या, "एक चूक केली नाही, पण त्यासाठी तिचं सगळं अंग राबत होतं. रोज सहा तास शाळेत हे कुणाला जमेल?" खाली त्यांनी हाताने लिहिलंय: "गुण चांगले, हालचाल अतिशय जास्त. पुन्हा चाचणी आणि वर्गात निरीक्षण आवश्यक." हे सगळं मागच्या बाजूला. शाळेने तुला दिलेली प्रत एकाच बाजूची होती ना? विचार त्यांना.

मी ज्या यंत्राला शत्रू म्हणत होतो ते बिचारं खरं सांगत होतं. चोर दुसरीकडेच होता, आणि एक चोर मीही होतो.

मग मी बाईंना म्हटलं, माझी घ्या. त्या म्हणाल्या, "मोठ्यांचीही घेतो आम्ही, पण कशासाठी?" मी म्हटलं, "आधी घ्या, मग सांगतो." बूट काढले, दोन्ही पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर टेकवले, पट्टी बांधली, बटण घेतलं. पाय झोपवले. पहिली पाच मिनिटं मी राजा होतो. सातव्या मिनिटाला सत्तावीस तारखेला मोठ्या बाईंपुढे काय बोलायचं ते मनात जुळवायला लागलो. फर्डं भाषण होतं, मुंगे. "समितीच्या सन्माननीय सदस्यांनो" पासून सुरू केलं. टाळ्यांपर्यंत आलो तेव्हा बाई खांद्याला हात लावत होत्या. चाचणी संपली होती. बटण माझ्या मांडीवर पडलं होतं. कधी सुटलं, माहीत नाही.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "एवढ्यावरून मी काही ठरवणार नाही. तुमच्या पत्नीशी बोलायचंय, लहानपणाबद्दल विचारायचंय." मी म्हटलं, "बाई, मीच सांगतो." आणि जे आजवर कुणालाच सांगितलं नाही, ते एका परक्या बाईला सांगितलं. आता तुला सांगतो.

त्या दिवशी प्रेसवर छपराच्या काचेखाली एक कबुतर अडकलं होतं. काचेवर धडका देत होतं. उजवीकडे वीतभर फट होती आणि त्याला दिसत नव्हती. मी वर बघत होतो. मनात म्हणत होतो, उजवीकडे, अरे वेड्या, उजवीकडे. पायाचा ठेका कधी थांबला कळलं नाही. कबुतर बाहेर पडलं. माझी बोटं आत राहिली.

हे मी दडपलं. मला वाटलं, लक्ष उडालं होतं असं कबूल केलं तर कंपनी जिंकली. त्यांचा शब्द खरा ठरला. म्हणून म्हणत राहिलो, माझं लक्ष कामावरच होतं, फक्त जाळी नव्हती. आणि ते खोटं राखायला बत्तीस वर्षं पाय आपटत राहिलो. भिंगरीला सांग, दमतो. माझाही दमतो.

आज स्टेशनवर बसून डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी खरं बोललो असतो तरी आपणच जिंकलो असतो! जाळी असते कुणासाठी? ज्याचं लक्ष कधीच उडत नाही त्याला जाळी कशाला हवी? माणसाचं लक्ष उडणार, कबुतर येणार, शिडी जाणार, हे धरूनच यंत्राच्या तोंडावर जाळी बसवायची असते. ज्याने ती काढली त्याने निष्काळजीपणा केला. माझं लक्ष उडालं, आणि दोष त्यांचाच होता. दोन्ही एकदम खरं. भिंगरीचं लक्ष उडतं. जास्त वेळ द्या, उभं राहू द्या, खिडकीपासून बाक हलवा. ती भीक नाही, ती जाळी आहे.

सोबत माझ्या चौकशीचा कागद पाठवतोय. ट्रंकेत होता, घडीवर फाटलाय. आल्यापासून खिशात घेऊन हिंडतोय. सत्तावीसला मी येतो. असा बोलेन की भिंती हलतील.

दादा


२८ फेब्रुवारी

दादा,

तुला फोनवर "येऊ नकोस" एवढंच म्हणून ठेवून दिलं, त्याचा राग आला असेल. येऊ दे. भिंती हलवायच्या नव्हत्या मला, एक कागद हलवायचा होता. शिवाय तू बोललास की लोक तुला ऐकतात, आणि विषय भिंगरी होता.

त्यांच्या बाजूला पाच खुर्च्या, माझ्या बाजूला एक, आणि तीही मुलांची, बुटकी. गुडघे हनुवटीला लागत होते. मी उठले आणि उभीच राहिले. मोठ्या बाई म्हणाल्या, "बसा ना." मी म्हटलं, "नको, आमच्या घरात उभं राहून लक्ष चांगलं लागतं." गणित-विज्ञानाचे म्हातारे सर खोकले. हसत होते बहुतेक.

आधी मी माझं खोटं सांगितलं. तुझंही सांगितलं. मोठ्या बाईंचा चेहरा उजळला. म्हणाल्या, "म्हणजे फसवणूकही." मी म्हटलं, "हो. तिची नाही, मोठ्यांची. त्याबद्दल मोठ्यांना काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेते." मग त्यांच्यापुढे दोन कागद ठेवले. तुझा फाटका आणि शाळेचा नवा. म्हटलं, "हा बत्तीस वर्षांपूर्वी माझ्या भावाला मिळाला. बोटं गेली तेव्हा. ही तुमची चिठ्ठी, माझ्या मुलीला मिळालेली. दोन्हींतला हा एक शब्द वाचा." त्यांनी वाचला. "माझ्या भावाचं लक्ष खरंच उडालं होतं, बाई. तरी कारखान्याला जाळी बसवावी लागली. तुम्ही कारखान्यापेक्षा कडक आहात का?"

त्या म्हणाल्या, "भावनेवर शाळा चालत नाही. आमच्याकडे अहवाल आहे. मशीनचा."

दादा, तू असतास तर इथे टेबलावर मूठ आपटली असतीस. मी म्हटलं, "अहवाल बघू." त्यांनी फाइलमधून मूळ कागद काढला, केंद्राचा शिक्का असलेला, आणि पुढची बाजू वर करून माझ्यापुढे सरकवला. मी बोटाने तो तसाच परत सरकवला.

"बाई, पान उलटायचं राहिलं."

त्यांना कळेना. सरांनी हात लांब करून कागद उलटा केला. तो उधळलेला गुंडा वर आला. पाचही जण बघत राहिले. सरांनी चष्मा वर केला, खालचं हस्ताक्षर मोठ्याने वाचलं, मग हळूच म्हणाले, "ह्या मुलीचा गणिताचा पेपर मीच तपासला होता. मागची बाजू कोरी म्हणून त्या बाजूला शून्य दिलं मी."

भिंती हलल्या नाहीत. दुसरी चाचणी आणि वर्गातलं निरीक्षण होईपर्यंत निर्णय पुढे ढकललाय. तोपर्यंत पेपराला पंधरा मिनिटं जास्त, बाक खिडकीपासून लांब, आणि मागच्या भिंतीशी एक उंच टेबल, उभं राहून लिहायला. टेबल सरांनी प्रयोगशाळेतून आणलं. पण तो शब्द मोठ्या बाईंनी खोडला नाही. नोंदवही पुढे केली, म्हणाल्या, "इथे पालकांची सही." मी म्हटलं, "शब्द खोडा, मग सही." त्यांनी खोडला नाही, मी केली नाही. जागा कोरी आहे. दर सोमवारी मला बोलावणार आहेत म्हणे. दर सोमवारी जाईन.

तू वहिनीला घेऊन केंद्रात जा. वहिनीला बोलू दे, आणि तुझे पाय जमिनीवर सैल असू दे. खाली भिंगरीने लिहिलंय. तिला एक ओळ म्हटलं होतं.

मुंगी

मामा मी उभी राहून लिहितेय. मला कबुतराची गोष्ट आईने सांगितली पूर्ण. ते बाहेर गेलं हे चांगलं झालं. माझी चाचणी परत आहे, परवा. मी चाचणीच्या बाईंना विचारलं पाय जागा ठेवू की झोपवू. त्या म्हणाल्या जागा ठेवायचाही नाही, झोपवायचाही नाही, त्याला हवं ते करू दे. मी म्हटलं आणि सगळं चुकलं तर? त्या म्हणाल्या, तर मला कळेल.